तीन मीटर

नकाशावर ही गल्ली दीड मिलिमीटर.
रंग करडा. खाली शेरा : जीर्ण, पुनर्विकासयोग्य.
तो रंग मीच भरला होता,
देगू महापालिकेच्या चौथ्या मजल्यावर, हीटरला पाठ लावून,
गल्ली न बघता.

वरून ठरलं होतं, इथे नवउद्योगांचं केंद्र.
अठरा मजले, काचा, तळाशी कॉफी,
आणि कल्पना सुचाव्यात म्हणून
बसायला गुबगुबीत रंगीत गाद्या.

फेब्रुवारीत मोजपट्टी घेऊन गेले.
ग्योन ग्यू-हा नावाचा पोरगा एका शटरपुढे उकिडवा,
मुठीत प्लॅस्टिकचं बोट.
"प्रेसखाली ज्यांची गेली, त्यांच्यासाठी," म्हणाला.
"वाकतं. पण सरळ होत नाही."
स्प्रिंग हवी होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

मी त्याच्यामागे. पावलं मोजत, सवयच ती.
अकरा पावलांवर मा बाई.
तार वळवून दिली, पैसे हातानेच परतवले : आधी चालू तर दे.
तिथून सात पावलांवर ताक योंग-बोक यांचं लेथ.
म्हाताऱ्याने बोट नाकाशी नेलं, हुंगल्यासारखं,
आणि खीळ अर्ध्या केसाने बारीक केली.
मुलामावाला समोरच, चार पावलं.

बावीस पावलं. चाळीस मिनिटं.
बोट वाकलं, सरळ झालं,
पुन्हा वाकलं,
कुणाला तरी जवळ बोलवावं तसं.

नकाशाच्या सूचीत झाडाला खूण आहे,
गटाराला आहे, दीपस्तंभालासुद्धा.
"जरा शेजारी विचारून बघ"
याला नाही.

करडा रंग खोडताना कागद फाटला.
मागून चिकटपट्टी लावली आणि लिहिलं :
तळमजला यंत्रांचाच. भाडं दहा वर्षं गोठवलेलं.
नवी पोरं वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून,
उतरताना लेथचा आवाज ओलांडावाच लागेल असा.

अग्निशमनचे सोक साहेब हसले नाहीत.
"गाडी शिरणार कशी? गल्ली एक मीटर नव्वद."
खरंच होतं त्यांचं.
तीन वर्षांपूर्वी इथे थिनरचा डबा पेटला,
कोपऱ्यावरून पाइप ओढत आणेपर्यंत
छत उरलं नव्हतं.
तीन मीटर हवेत. म्हणजे एक बाजू जाणार.
पेन्सिल सरकत सरकत थांबली
ती नेमकी ताकांच्या दारात.

सांगायला गेले. रात्रभर शब्द जुळवले होते,
तिथे एकही जागेवर नव्हता.
म्हातारा लेथला तेल पाजत होता. ऐकत राहिला.
हात पुसले. माझी मोजपट्टी बाजूला ठेवली
आणि मा बाईंच्या दारापासून मागच्या रिकाम्या गोदामापर्यंत
चालत गेला.
"नऊ," तिथून ओरडला. "दोनच वाढली.
पोरगा तरणा आहे, चालेल तेवढं."

परत येताना मात्र हळू आला.
भिंतीवर, जिथे चाळीस वर्षांचा तेलाचा डाग,
तिथे तळवा टेकवून उभा राहिला जरा वेळ.
"पाया नीट घाला," म्हणाला.
"अर्धा केस कलला तरी बोट वाकडं निघेल."

आराखड्याच्या शेवटच्या पानावर मी तळटीप टाकली :
यंत्र क्रमांक एक, पाया समतल, अर्ध्या केसाचाही फरक नको.
समितीत कुणीतरी चष्मा वर करून विचारलं,
केस? हे कुठलं माप?

त्या गल्लीतलं,
मी म्हटलं.