तरीचं भाडं

पणजीच्या दप्तरखान्यातला पंखा
दुपारी एकच्या सुमाराला बंद पडतो.
मग वारा येतो तो पान उलटण्याचा, तेवढाच.

लोखंडी शाईनं कागद खाल्लाय.
बोरू जिथं जोरात टेकला
तिथं अक्षराच्या मापाचं भोक,
आणि भोकातून खालच्या पानावरच्या
भलत्याच कुणाच्या खाजनाचं क्षेत्रफळ दिसतं.

पोर्तुगीज मी शिकले चाळिशीत,
कुठ्ठाळीच्या दोना फिलुमेनांकडे.
त्या म्हणायच्या, आधी क्रियापद शोध,
माणूस त्याच्या मागे असतोच.

होता.
बाबुसो, तारी, राहणार साष्टी.
देवळातला दगड – मूर्तीला दगडच लिहिलंय –
रात्री झुवारीपार नेला म्हणून चौकशीला हजर.
म्हणतो, भाडं दोन तांगे ठरलं होतं.
म्हणतो, मिळालं नाही.
कारकुनानं हे नीट, वळणदार उतरवून घेतलंय.
परक्याच्या देवावर विश्वास नसला
तरी थकबाकीवर सगळ्यांचाच असतो.

पुढं त्याचं काय झालं
तिथं भोक आहे.

आमच्याकडे सांगतात, देवी पाण्यावरून चालत आली.
दुर्भाटच्या काठाला तिचं पाऊल उमटलेला कातळ आहे.
बाबा दर नवमीला त्याला तेल लावायचे.
भूगोलाची पदवी घेऊन आले त्या वर्षी मी म्हटलं,
जांभ्याला असे खळगे पडतातच.
त्यांनी वाटी माझ्या हातात दिली.
पडू देत, म्हणाले. तू लाव.

आणि पालखी निघायच्या आधी
खालच्या पायरीवर एक नारळ, दोन नाणी.
रायहून इनास येतो, सुतारकाम करतो तो,
गळ्यात खुरीस, पायांतल्या वहाणा बाजूला काढून.
वर चढत नाही. उचलतो आणि जातो.
का, विचारलं तर महाजन म्हणतात, पूर्वापार.
इनास म्हणतो, पायनं सांगलां.

यंदा पेन्सिलीनं उतरवलेला तो उतारा
मी त्याला वाचून दाखवला. दोनदा.
दुसऱ्यांदा 'मिळालं नाही'पाशी
तो जरासा हसला,
घरातल्याच कुणाची खोड ओळखावी तसा.
मग म्हणाला, बाय,
तू हें पुस्तकांत घालतली मगो?
घाल. पूण फिटलें म्हणून बरोवं नाका.

नाणी खिशात टाकली, नारळ डिकीत,
आणि स्कूटर बोरीच्या पुलावरून
पलीकडे गेली.

मी काठावर उतरले. भरती होती.
कातळ पाण्याखाली,
वर तेलाचा एक पातळ तवंग.
सकाळी मीच लावलं होतं.