पोच

पवननगरला तिसऱ्या मजल्यावर, कपड्यांच्या दांडीला
मी अँटेना बांधलीय. शेजारच्या नांदुर्डीकर वहिनी
तिला अजून केबलचीच समजतात.

साडेसातला खुर्ची ओढायची,
काळ्या पडद्यावर एकच अक्षर टाइप करायचं: एन.
नोड विचारत नाही कोण, कुठले, जेवलात का.
यादी देतो.
दिंडोरी. वणी. कळवण.
नावाला सहाच इंग्रजी अक्षरं मिळतात इथे.
कळवण नेमकं बसतं. वणीची दोन घरं रिकामी राहतात.
दिंडोरीचा एक ओ काढावा लागला, तर
ज्यांच्या शीतगृहाच्या गच्चीवर आमची पेटी आहे
त्या मालकांनी भाडं माफ केलं,
ओ मात्र परत मागितला.

मग सी, मोकळी जागा, कळवण.
कर्रर्र. लाल दिवा.
माझं वाक्य द्राक्षांच्या थंडीवरून उडी मारतं,
वणीच्या शाळेच्या टाकीवर दम खातं,
डोंगर वळसा घालून अण्णा खैरनारांच्या ओसरीत उतरतं.
दर टप्प्याला पोच घेऊनच पुढे.
पोच नाही आली तर पुन्हा. पुन्हा. दहा वेळा.
इतका चिवटपणा ओझरच्या कारखान्यात, चौतीस वर्षांत,
मी फक्त स्टोअरच्या कारकुनात पाहिला.

अण्णा तिथलेच, शेजारच्या बाकावर.
विमानांची घड्याळं लावायचो आम्ही.
आता विषय थोडेच: बीपी, बॅटरीतलं पाणी,
कोण आपल्याला विसरलं.
फोन आहे दोघांकडे. फोनवर आम्ही
दोन मिनिटांत संपतो.

या वाटेवर त्रास एकच. ळ चालत नाही.
ळ आणि ल एकाच कपड्यात निघतात,
पलीकडच्याने चालीवरून ओळखायचं.

परवा वणीची बॅटरी उतरली होती. दुवा अशक्त,
म्हणून दोन्हीकडे तुकडा लहान केलेला:
एका खेपेला पंधरा अक्षरं.
आणि आलं:

KAKA, ANNA MELA

दिवा विझला.

काका म्हणजे हर्षाली. अण्णांची धाकटी.
एम, ई, एल, ए.
चहावर साय धरली.
वणी गप्प.
चार पावलांवर फोन चार्जिंगला होता, तो सुचला नाही,
बातमी जिथे तुटली तिथेच बघत बसलो.
लेक बापाला मेला म्हणत नाही, गेले म्हणते,
हे व्याकरण मला फार उशिरा आठवलं.
तोवर मी खेपा मोजत होतो. चौथी. सहावी.
त्या टाकीवरच्या पेटीला काय ठाऊक
तिने काय अडवून धरलंय.
आठवी. नववी असेल.

VYALA GELET SAT

लगेच मागून

ANYALA, YETIL R
ATRI

मेळाव्याला.
निवृत्तांचा मेळावा, सटाणा,
फेटे, मसालेभात, पेन्शनवर भाषण.
हसू आलं, पण पोटातून ओठांपर्यंत यायला
त्यालाही दोन-तीन खेपा लागल्या.
आतून सुलभा म्हणाली, काय झालं?
म्हटलं, काही नाही. ळ हरवला होता.

हर्षाली विचारत होती, काका, मिळालं ना?
माझ्या यंत्राने पोच केव्हाच देऊन टाकली होती.
पहिल्या तुकड्याचीसुद्धा,
जसा आला तसा, एका सेकंदात,
अगदी बिनचूक.
मला अजून देता येत नव्हती.

निघताना नोडला बी लिहायचं असतं. बी म्हणजे बाय.
त्या रात्री माझ्या बोटांनी लिहिलं: YETO.
नोड म्हणाला, अशी आज्ञा नाही.
मी पुन्हा लिहिलं.
पुन्हा.