दीड बोट चोक

प्लायमाउथ सावॉय, छप्पनचं मॉडेल.
रंग कागदोपत्री हिरवा,
खरं तर कच्च्या पेरूच्या सालीचा.
देवळाली कॅम्पात खोरशेदबाईंच्या शेडमध्ये
तेवीस वर्षं उभी होती,
टायर फरशीला चिकटलेले,
मागच्या सीटच्या स्प्रिंगांत मुंगसाचं बिऱ्हाड.
बाई म्हणाल्या, "घेऊन जा डिकरा,
पण भंगारवाल्याला देऊ नको."

अंबडच्या कारखान्यात लेथवर
किंगपिनचे बुश मी स्वतः काढले,
जेवणाच्या सुट्टीत, गनमेटलच्या उरलेल्या तुकड्यातून.
सुपरवायझरला दिसत होतं.
त्यानं पाहिलं नाही.

सहा व्होल्टची बॅटरी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर,
आणि वायपर इंजिनाच्या श्वासावर चालणारे:
चढाला जोर लावला की जागीच थांबतात,
उताराला पाय उचलला
की उशीर झालेल्या कारकुनासारखे पळत सुटतात.
पंपावरचा पोरगा विचारतो, काका, ॲव्हरेज किती?
मी म्हणतो, आधी टाकी भर, मग रडू दोघं.

रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत.
शैला पुढे बसत नाही, मागे बसते,
चप्पल काढून, पाय लांब करून.
म्हणते, एवढी जागा मला
आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळाली नाही.
ह्यावर मी आरशात बघत नाही.

विकायची का, तर क्लच जड आणि गुडघा त्याहून जड,
सोसायटीच्या सभेत ठराव, की दीड गाडीची जागा अडवते.
ही सांगायची कारणं.
खरं कारण सिन्नरजवळ, एका बंद पोल्ट्रीत,
ताडपत्रीखाली, नाकाला गोळी लागल्यासारखी
एक स्टुडबेकर मला दिसली आहे.

पहिला आला तो मंगल कार्यालयवाला.
सोनेरी रंग मारू म्हणाला, टपावर झेंडूचा मोर.
चहा पाजून पाठवला.
दुसऱ्याला अर्धीच हवी होती,
त्र्यंबक रोडच्या हॉटेलात, भिंतीतून बाहेर आलेली.
त्याला चहा नाही.
तिसरा पुण्याचा, हातात भिंग, पांढरे मोजे,
प्रत्येक स्क्रूला विचारत होता, तू मूळचा का?
मी म्हटलं, साहेब, नाशकात मूळचं कोण राहिलंय.

मग मालेगावहून शकील मोमीन आले, एस्टीनं.
यंत्रमाग दुरुस्त करतात.
गाडीभोवती फिरले नाहीत, बॉनेट उघडायला लावलं नाही,
चालू करा म्हणाले,
आणि फेंडरला हात टेकून डोळे मिटले.
"चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जरा उशिरा येतो."
मला ते ठाऊक होतं, मला आणि मुंगसाला.

भाव त्यांनी सांगितला तो कमी होता.
मी मान हलवली तेव्हा
शैला स्वयंपाकघरातून खोकली.
दिली.
सगळे दोष सांगून दिली: डावीकडचं दार
द्वारका सर्कलला वळताना आपसूक उघडतं,
हॉर्न उन्हाळ्यात बसतो, पेट्रोलचा काटा खोटं बोलतो.
वहीत लिहून दिलं, खाली सही.
एकच गोष्ट लिहिली नाही.

ऑक्टोबर, नोव्हेंबर गेले.
पार्किंगमध्ये तेलाचा डाग,
त्यावर आता सेक्रेटरीची स्कूटर.
स्टुडबेकरचा मालक रोज वीस हजारांनी वाढतो.

मग निफाडला पारा सहावर उतरला त्या सकाळी,
अजून अंधारच होता, फोन वाजला.
"धारणकरभाऊ, उठत नाहीये. अर्धा तास झाला."
मागून स्टार्टरचा आवाज, दमलेला, ओळखीचा.
मी घाई केली नाही. चष्मा शोधला. तो लागत नव्हता.
म्हटलं, चोक पूर्ण ओढू नका. दीड बोट.
ॲक्सिलरेटरला दोनदा स्पर्श करा, दाबू नका.
आणि थांबा, बाई कपडे बदलतेय समजून थांबा.
आता.

एकदा खोकली. दोनदा.
मग सहाही सिलिंडर एकामागून एक कामावर आले,
चौथा जरा उशिरा.

शकीलभाई काही बोलले नाहीत.
मीही नाही.
तिकडे पेट्रोल जळत होतं, इकडे फोनचे पैसे,
आणि शैलानं दुसरी उशी पाठीला लावून
पाय लांब केले.