उणे एकवीस

रस्ता आमच्याकडे तारेतून येतो.
सुओमुस्साल्मीची चौदा किलोमीटर खडी,
एकेक खड्डा मिलिमीटरपर्यंत नोंदवलेला,
आणि चार पोलादी खांबांवर उभी रुग्णवाहिका
जागच्या जागी तो कापत राहते.

चालक केम्प्पाइनेन म्हणाला होता,
"मागचं डावं चाक ठोकतं. पेशंट दातांवर दात धरतात."
हिल्काने दोन दिवस मोजलं.
चाकाच्या तुंब्यावर एक सेन्सर, चासीवर दुसरा.
शॉकअॅब्सॉर्बर काढून डायनोवर चढवला,
वर-खाली, वर-खाली,
पडद्यावर वेगाचा नि बळाचा गुळगुळीत आलेख,
कुठे बोट ठेवायला जागा नाही.

"काही नाही यात," मी म्हणालो.
"यात नाही," ती म्हणाली.
मग तिने तेलाचं तापमान वाचलं: तेवीस.
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की हीटर मीच लावला असावा.

लावला मीच होता.

त्या रात्री शटर वर गेलं.
जानेवारी आत आला, बूट न काढता.
मालक मफलरमधून वीजबिलाबद्दल काही बोलला
आणि घरी गेला.
आम्ही थांबलो. थर्मासमधली कॉफी संपली,
बोलणं तर त्याच्याही आधी.
पहाटे पाचला तेल उणे एकवीसवर आलं.

पुन्हा तोच रस्ता.
तोच सातवा किलोमीटर, पूल,
पुलाआधीचा तो उंचवटा.
पण हिल्का या वेळी पडद्यापाशी नव्हती.
ती मागच्या दारातून चढली,
स्ट्रेचरवर आडवी झाली, पट्टे आवळले,
एक सेन्सर उशीखाली सरकवला
आणि हात वर केला: लाव.

मी लावला.
पूल आला,
आणि आलेखाची ती गुळगुळीत पाठ
एका जागी शहारली,
सुईच्या टोकाएवढी, अकरा हर्ट्झला.
थिजलेल्या तेलात
झडप निमिषभर उशिरा उघडत होती.
एवढंच. रोज. चौदा किलोमीटर.
कुणाच्या तरी मोडलेल्या खुब्याखाली.

ती उतरली तेव्हा जबडा चोळत होती.
"दाढ," म्हणाली,
आणि वहीत, त्याच तक्त्यात,
बळ, वेग, तापमान यांच्या खाली
तेही लिहिलं: दाढ, उजवी, खालची.
एककाच्या रकान्यात
जरा वेळ पेन टेकवून ठेवलं,
मग एक रेघ ओढली
आणि मला शटर खाली घ्यायला सांगितलं.