कंटिन्युइटी

हिंदुराव खराडेची मिशी
एकतीस वर्षं माझ्या हातात होती.
गंगावेशीत, दूधकट्ट्यासमोर माझं दुकान,
दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती.
तो मुद्दाम डुगडुगतीत बसायचा, म्हणायचा,
"बाबू, फौजदार कर. उद्या सातला गाडी हाय."

मिशीचा हिशेब असतो, तुम्हाला ठाऊक नसेल.
आधी पाटील : दोन्ही टोकांना पीळ, बोटभर मेण.
पाटील संपला की कातरून फौजदार.
फौजदारातून दिवाणजी, दिवाणजीतून
ओठावर रेघ तेवढी ठेवून पोस्टमास्तर.
उलटं जाता येत नाही.
पोस्टमास्तरचा पुन्हा पाटील व्हायला सव्वा महिना लागतो
आणि सव्वा महिना घरी बसलेला माणूस
फिल्मवाले विसरतात.

पहिल्या सिनेमाच्या पाटीवर तो "आणि इतर"मध्ये होता.
पेठेतली आम्ही नऊ पोरं टाळ्या वाजवायला उठलो,
तोवर पाटी गेली.
दुसऱ्यात नाव आलं, खराडेचं खरात होऊन.
"असूं दे की," म्हणाला,
"कुठंतरी एखादा खरात असंल, त्येचं भलं झालं."

तोंडाला साबण असतानाच तो वाक्य पाठ करायचा.
"मालक, पंचनामा झाला."
तीन शब्द.
एकदा भीत, एकदा दाढ दुखत असल्यासारखा,
एकदा नुसताच, पंचनामा खरंच झाल्यासारखा.
बाकावरची गिऱ्हाईकं हसायची.
मी आरशात बघायचो
आणि वस्तरा उचलून धरायचो, वाक्य संपेपर्यंत.

मग ती मालिका आली, रोज साडेसातला.
हा सुनेचा मामा, तात्या.
तात्यानं सुनेची बाजू घेतली
तेव्हा कपिलतीर्थातल्या भाजीवालीनं कोथिंबीर फुकट दिली.
तात्यानं खोट्या कागदावर सही केली
तेव्हा तिनं मिरचीचे पाच रुपये जास्त लावले.
तो दोन्ही वेळा खूश.

त्याच पावसाळ्यात त्याचा बाप गेला.
दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर मीच होतो.
थोरला झाला, धाकटा झाला,
हिंदुराव पाटावर बसला आणि हात वर केला.
कानाला फोन.
पलीकडची पोरगी एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू आलं :
"मिशी कंटिन्युइटीत आहे, सर. चार सीन राहिलेत.
डोकं चालेल. टोपी देऊ."

मी डोकं केलं.
वस्तरा नाकापर्यंत आणून पुसून ठेवला.
धाकटा भाऊ नदीकडं बघत राहिला.
त्या दिवशी कावळा शिवायला दुपार झाली.
कुणी काही बोललं नाही,
पण सगळ्यांनी एकदा एकदा मिशीकडं बघितलं.

ते चार सीन झालेच नाहीत.
एका भागात सून शेंगा सोलता सोलता म्हणाली,
"तात्या गावाला गेलेत."
एवढंच.
माझ्याच दुकानात, माझ्याच टीव्हीवर त्यानं ते बघितलं.
जरा वेळानं म्हणाला, "चांगलं म्हटलं पोरीनं. सहज."
नंतर कुठल्या गावाला, कुणी विचारलं नाही.
तात्या अजून तिथंच असणार.

परवा आला. डुगडुगत्या खुर्चीत बसला.
"काढ," म्हणाला.
"कोण करू? पोस्टमास्तर?"
"कोण न्हाई. म्हाताऱ्याची राह्यलीया."
तीन वर्षं उशिरा, पाण्याचा हात फिरवून
मी दोन बाजू उतरवल्या.
खालची कातडी मी पहिल्यांदाच बघत होतो,
कोवळी, जरा चकित झालेली.
पैसे घेत नव्हतो, आरशाखाली ठेवून गेला.

समोर कट्ट्यावर म्हशीखालचा ग्लास त्यानं तोंडाला लावला.
गवळ्यानं ओळखलं नाही.
ग्लास खाली आला तेव्हा ओठावर फेस होता,
पांढरा, दोन्ही टोकांना किंचित वर गेलेला.
पाटील, मी मनात म्हटलं.
सव्वा महिना न लागता.

बराच वेळ त्यानं तो पुसला नाही.