ढ

घणसोलीत, तलावाच्या वळणावर माझं दुकान.
जर्सीवर नाव लावून मिळेल:
अक्षराला बारा रुपये, आकड्याला वीस.

साहिश मढवीचं नाव चार हंगाम मीच लावलं.
इंग्रजी नको म्हणायचा.
"ढ दिसला पाहिजे, मावशी,
शाळेतून तेवढाच घेऊन आलोय."

तीन महिने पगार थकला,
अर्धा संघ बेलापूरला गेला.
हा राहिला, गुडघ्याला माझ्याच कापडाची पट्टी बांधून.
मग पगार झाले, सगळ्यांचे, पैन् पै,
आणि त्याच आठवड्यात हा निघाला. बेलापूरलाच.

पाचपट, म्हणे.
"विकला गेला," नाक्यावर बोलले
साडेबारा टक्क्यांचे प्लॉट विकून
टॉवरात राहायला गेलेले लोक.
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
मलाही कळलं नाही.

काल त्याचीच जर्सी आली, नव्या पोरासाठी.
इस्त्री फिरवली.
म निघाला, वी निघाला.
ढ निघेना.
नखाने खरवडला, तर कापडच येऊ लागलं.

बेलापूरवाले अक्षराला पंधरा देतात.
त्यांचा गठ्ठा आत आहे, पलंगाखाली.
अजून कुणाला सांगितलेलं नाही.