बाराची लाइन

लाइन बाराला येते. तोवर मचाणावर
संघर्ष गेम खेळतो, मी त्याच्या खांद्यावरून बघतो.
बंद पडलेला दवाखाना. लांबच लांब बोळ,
दोन्ही अंगांना दारं, टोकाला फडफडणारी ट्यूबलाइट.
मागून कोणीतरी येणार हे त्याला ठाऊक, मला ठाऊक,
आणि ज्यानं बोळ बांधला त्याला तर ठाऊकच.

'भिंतीले पाठ लाव,' मी म्हणतो.
तो लावतो. अर्धी भीती तिथंच संपते.
उरलेली समोरून येईल, नाहीतर दारातून.
भिंत एवढंच सांगते: इकडून नाही.

सातव्या लेव्हलला शेवटचं दार उघडतं
आणि बाहेर मैदान. नुसतं गवत.
राक्षस नाही, रक्त नाही, ते किरकिरं संगीतही नाही.
संघर्षचा अंगठा थांबतो.
'काहून थांबला बे?'
'पाठ लावू कशाले?'

पावणेबारा. मोबाइल नऊ टक्के.
खाली चार एकर तूर, डोक्याच्या वर गेलेली,
पल्याड हरभरा, हरभऱ्याच्या धुऱ्याला
मोटारीची खोली, पत्र्याची,
आत उभं राहिलं की खांदे घासतात.
मचाणापासून दोनशे बारा पावलं. मोजली आहेत.
दिवसा एकशे ऐंशीच भरतात.

मागच्या महिन्यात बोअरजवळ पंजा उमटला होता.
त्याचं नाव आम्ही रात्री घेत नाही.
वनखात्याचा माणूस आला, टेप लावून मोजला,
'एकटे फिरू नका' म्हणाला आणि गेला.
लाइन बारालाच येते.

संघर्ष वर, मी खाली.
टॉर्च लावली की माझ्याभोवती खोली तयार होते:
चार हात लांब, तीन हात रुंद,
भिंती तुरीच्या, पिवळ्या फुलांच्या.
मी चालतो तशी तीही चालते.
तिला दार नाही. किंवा नुसती दारंच आहेत.

गेममधला बोळ कोणीतरी आखलेला असतो.
इथं हा घाबरेल, इथं दम खाईल, इथं त्याला चावी सापडेल.
आपला इतका विचार कोणी केलाय
याचा केवढा आधार!
हे शेतही आखलेलं आहे, बाबानं, दोरी धरून,
पण पाण्याच्या हिशेबानं.

एकशे दहाव्या पावलाला काहीतरी थांबलं.
मी थांबल्यावर थांबलं. अगदी जरासं उशिरा.

काय सुचलं कोण जाणे, टॉर्च बंद केली.
भिंती पडल्या.
आधी काहीच नाही. मग तुरीचे शेंडे, मग आभाळ,
मग पांढरकवड्याकडचा टॉवर, लाल, उघडझाप करणारा,
मागं मचाणावर मोबाइलचा निळा ठिपका.
आता मीही कोणाला दिसत नव्हतो.
पलीकडं फुरफुरलं ते रोही होतं
की मलाच भिणारं दुसरं कोणी, विचारलं नाही.

खोलीत शिरलो. स्टार्टरचा डबा आधी काडीनं ठोकायचा,
उबेला फुरसं बसतं.
दोन्ही खांद्यांना थंड पत्रा लागला. बरं वाटलं.
मग लक्षात आलं, दार एकच आहे
आणि ते पाठीमागं.

हिरवं बटण. मोटार गुरगुरली,
पाइपात पाणी चढलं,
आणि बाहेरचं ऐकू येणं संपलं.
वरून संघर्ष हाका मारत असेल, नसेलही.

टॉर्च हातात आहे.
लावून परत जायचं की न लावता,
दारात उभा राहून ठरवतोय.